काळी स्क्रीन (लिनक्स)

नवीन लिनक्स टाकल्यावर मशीन चालू होतं, डिस्कचा लाइट लुकलुकतो, पण लॉगिन येतच नाही, किंवा येतं तर १०२४ बाय ७६८ मध्ये ताणलेलं, अशी ही अडचण. नागपुरात "काहून डिस्प्ले येऊन नाही राहिला" हे जास्त करून दोन मशीनबद्दल ऐकू येतं: सीताबर्डीत जुळवून घेतलेला पीसी, ज्याला घरातला जुना व्हीजीए मॉनिटर कन्व्हर्टरने जोडलाय, आणि हिंगणा रोडकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे दोन ग्राफिक्स कार्डंवाले लॅपटॉप. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की कार्ड तापून स्क्रीन जाते, ते प्रकरण वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

पडदा नेमका कोण सांभाळतं यावरच सगळा घोळ होतो, म्हणून इतिहास जरा लांबवर सांगावा लागतो. एक्स विंडो सिस्टीम, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि चित्र दाखवणारी व्यवस्था, अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोजेक्ट अथेना या संगणक-प्रकल्पाच्या काळात बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी उभी केली, त्याआधी स्टॅनफर्डची डब्ल्यू नावाची सिस्टीम होती आणि सुरुवात तिच्यावरूनच झाली. उगमाचं साल कोणी १९८४ धरतं, कोणी १९८७. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली आणि तोच प्रोटोकॉल आजही चालतो त्यामुळे दुसरं सालही अगदी चूक नाही, पण पडदा सांभाळणारा सर्व्हर वेगळा, प्रोग्राम वेगळे ही मांडणी आधीचीच असल्यानं १९८४ जास्त पटतं. लिनक्सवर एक्स आलं ते एक्सफ्री८६च्या रूपात, मग २००४ मध्ये लायसन्सवरून वाद झाला आणि बहुतेक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, एक्स.ऑर्गच्या एक्सकडे वळले. आपल्या कामाचा बदल मात्र २००९चा. तोवर एक्स सर्व्हर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून थेट कार्डाला हात लावायचा, रिझोल्यूशन तोच ठरवायचा, मॉनिटरची सिंक रेंज (त्याला झेपणाऱ्या फ्रिक्वेन्सी) कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहावी लागायची आणि काही जुन्या सीआरटीला (नळीच्या मॉनिटरला) चुकीच्या रेंजमुळे इजाही व्हायची. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या २.६.२९ पासून इंटेलसाठी हे काम कर्नलने स्वतःकडे घेतलं, २.६.३३ मध्ये एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो हा खुला ड्रायव्हर आला. एक मत असं की कॉन्फिग फाइल आजही हाताने लिहिलेली बरी, पण २००९ नंतरच्या मशीनवर ती नसलेलीच बरी वाटते, कारण कुठून तरी उतरवलेली जुनी फाइल चांगल्या चालत्या ड्रायव्हरलाही आडवी येते.

ग्रबमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना येणाऱ्या बूट मेन्यूत, ई दाबून कर्नलच्या ओळीत नोमोडसेट (कर्नलने रिझोल्यूशन ठरवू नये असा पर्याय) लिहायचं, हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. त्याने पडदा येतो हे खरं, पण येतो तो फर्मवेअरने दिलेल्या फ्रेमबफरवर (चित्र ठेवायच्या मेमरीवर), रिझोल्यूशन बदलता येत नाही आणि सगळं चित्र सीपीयूच काढत बसतो. आत शिरून खरा ड्रायव्हर टाकण्यापुरतंच ते वापरावं, कायमचं ठेवून देणं म्हणजे प्लास्टर बांधूनच चालत राहणं. त्याहून आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघावं, टेक्स्ट लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, मग जर्नल (सिस्टीमच्या नोंदी) आणि एक्सऑर्गच्या लॉगमधल्या ईई, म्हणजे एरर, लिहिलेल्या ओळी वाचाव्यात. फॉरमॅट मारून परत टाकण्यात काहीच हशील नाही, तेच ड्रायव्हर परत येतात.

पडदा आला पण रिझोल्यूशन चुकलं तर आधी ईडीआयडीकडे बघावं. व्हेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १९९४ मध्ये आणलेला हा १२८ बाइटचा ब्लॉक मॉनिटर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो, शेवटचा बाइट चेकसमचा (माहिती बरोबर आली का ते तपासायचा), सगळ्यांची बेरीज २५६ने भागली की बाकी शून्य यायला पाहिजे. व्हीजीए केबलमध्ये तो पिन १२ आणि १५ वरून येतो, पिन तुटली किंवा स्वस्त कन्व्हर्टरने तो पुढे पोचवलाच नाही तर कर्नल १०२४ बाय ७६८च्या वर जात नाही, आणि लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात. केबल बदलून बघणं सगळ्यात सोपं. नाहीतर सीव्हीटी या कमांडने मोडलाइन (रिझोल्यूशन आणि टायमिंगची ओळ) काढून एक्सरँडर या कमांडने जोडायची, फक्त १३६६ रुंदीला ८ने भाग जात नाही म्हणून सीव्हीटी १३६८ काढून देतं, ते बिघडलेलं नाही.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. एनव्हिडियाचा क्लोज्ड ड्रायव्हर टाकताना नूवो ब्लॅकलिस्ट होतो, म्हणजे लोडच होऊ नये असा बंद केला जातो, आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर की एनरोल करावी लागते. पोरं घाईत ती स्क्रीन सोडून देतात, मग नवा मॉड्यूल सही नसल्यानं लोड होत नाही आणि जुना आधीच बंद केलेला असतो. एलएसपीसीआय या कमांडला के ऑप्शन दिला की कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर बसलाय ते लगेच दिसतं.

वेलँड, म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था, क्रिस्तियान होगसबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलं, फेडोरा या डिस्ट्रोत २५ पासून नोम डेस्कटॉपवर तेच डिफॉल्ट आहे. तिथे एक्सरँडरने नवा मोड जोडता येत नाही, कर्नलच्या ओळीत व्हिडिओ पॅरामीटर लिहून पोर्टचं नाव आणि रिझोल्यूशन द्यावं लागतं.