पात्र, अपात्र आणि मधे राहिलेला आजार

राज्यातली जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. १९४८ ला निजामी राजवटीतून सुटलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. किनवट किंवा उदगीरच्या माणसासाठी पुण्याचं येरवडा मनोरुग्णालय म्हणजे एसटीचा दिवसभराचा प्रवास, आणि पूर्वी दाखल करायचं तर बहुधा कोर्टाचा आदेश लागायचा. त्यामुळे आधी देवऋषी, मग दर्गा किंवा महानुभावांचं एखादं देवस्थान, अशीच वाट पडली. तिला नुसता अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे घरचं माणूस रुग्णासोबत मुक्काम करू शकतं आणि 'बाहेरचं आहे' म्हटलं की दोष रुग्णाच्या माथी बसत नाही. मात्र अशाच काही ठिकाणी साखळदंडही होते. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला लागलेल्या आगीत बांधलेले २८ रुग्ण गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारझोड करणं महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

शेतकरी आत्महत्यांनी मात्र मनाच्या आजाराची सगळी चर्चाच दुसरीकडे नेली. आत्महत्येचं प्रमाण समाजाच्या घडणीवर ठरतं, असं एका फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडलं होतं. मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातून नव्हे, तहसीलच्या फायलीतून आला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी २००६ च्या शासन निर्णयाने निकष ठरवले. कुटुंबाच्या नावावर शेती हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि नापिकीमुळे ते फेडता न आल्याचं दिसायला हवं. पंचनामा आणि चौकशी अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात आणि तिथे प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं.

या निर्णयाची बाजू आहेच: सरकारी पैसा द्यायचा तर काही कसोटी लागणार. पण या कसोटीने मृत्यूला एकच कारण असावं असं गृहीत धरलं. तीन हंगाम सोयाबीन गेलं, झोप उडाली, दारू वाढली, घरात भांडणं झाली, यातलं कारण कोणतं? कर्ज लिहिलं तर पात्र. व्यसन, आजार किंवा घरगुती वाद लिहिला तर अपात्र. नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले पैसे किंवा विनापरवाना सावकाराची चिठ्ठी निकषात बसत नाही. बटईने कसणाऱ्याचं घर सातबाऱ्याशीच अडतं. आणि जो माणूस मानसोपचाराच्या गोळ्या घेत होता, त्याची केसपेपरची घडी घरच्यांनी पुढे करायची की लपवायची? आजार कबूल केला तर मदत जाईल, ही भीती त्या निकषांतूनच आली. समाजाने लादलेला ताण आणि मनाचा आजार हे एकमेकांचे पर्याय आहेत, असं कागदाने ठरवून टाकलं. माझ्या मते मराठवाड्यात उपचाराचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालं.

त्यात जुना फौजदारी कायदा होताच. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा असल्याने विषारी औषध प्यालेल्याला दवाखान्यात आणताना 'चुकून पोटात गेलं' असं सांगायची पद्धत पडली. वाचलेल्यावर खटल्याची टांगती तलवार, मेलेल्याच्या घराला मदत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. तो कायदा २०१८ मध्ये लागू झाला. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ तसं उरलेलं नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

दरम्यान २०१५ पासून मराठवाड्याचे आठही आणि विदर्भाचे सहा जिल्हे मिळून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रकल्प सुरू झाला. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं हेरायची आणि जिल्हा रुग्णालयाकडे पाठवायची, अशी त्याची आखणी होती. जालन्याला प्रादेशिक मनोरुग्णालयही मंजूर झालं आहे. मदतीचे निकष मात्र आजही नापिकी आणि कर्ज यांभोवतीच फिरतात, आणि आशाताईंनी नोंदवलेला रुग्ण त्यात कुठे बसतो याचं उत्तर ते देत नाहीत.