दहा-अठरा घ्यावी की दहा-बावीस?

पोळ्याच्या चार दिवस आधी माझा चुलतभाऊ मोबाइलवर दोन लेन्सचे फोटो घेऊन घरी आला. "दादा, दोन्ही कॅननच्याच हायेत, दोन्ही दहापासूनच सुरू होते. मंग यातली कोनती घेऊ?" तालुक्याला त्याचा छोटा स्टुडिओ आहे. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान सेन्सरचा) एक कॅमेरा, त्यावर सोबतच आलेली १८-५५ची किट लेन्स, आणि लग्न, बारसं, पोळा, शाळेचं गॅदरिंग सगळं त्याच एका लेन्सवर. हाच प्रश्न मला गावोगावची पोरं विचारतात, म्हणून नीट लिहून काढतो.

त्या दोन लेन्स म्हणजे २००४ साली आलेली ईएफ-एस १०-२२ एफ ३.५-४.५ यूएसएम आणि २०१४ साली आलेली ईएफ-एस १०-१८ एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम. १०-२२, १०-१८ हे आकडे झूमची दोन टोकं मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि एफचा आकडा लेन्सचं तोंड किती उघडतं ते; तो जितका लहान तितका उजेड जास्त. नावं इतकी सारखी की पहिली गल्लत तिथेच होते. आकडा मोठा म्हणून बावीसवाली जास्त "वाइड" असेल असं पुष्कळांना वाटतं. लेन्स किती रुंद घेते हे लहान आकड्यावर ठरतं, आणि तो दोघींचा दहाच आहे. दहावर दोन्ही लेन्स आडव्या फ्रेममध्ये साधारण ९७ अंशांचा देखावा घेतात. किट लेन्स अठरावर जेमतेम ६४ अंश घेते.

हा फरक लोणारला काठावर उभं राहिलं की लगेच कळतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाण्याचा सुमारे १.२. म्हणजे काठावरून नुसतं पाणीच डोळ्यांसमोर ८०-८५ अंशांत पसरलेलं असतं. किट लेन्सने ते एका फ्रेममध्ये मावत नाही, कितीही मागे सरका, मागे झाडं आडवी येतात. दहावर अख्खं तळं मावतं आणि दोन्ही बाजूंना थोडा काठही उरतो. इथे दहा-अठरा आणि दहा-बावीस यांत कुणीही सरस नाही. म्हणून वाइड किती मिळेल हा प्रश्न या निवडीत धरूच नका. बघायचं ते दुसऱ्या टोकाला काय मिळतं आणि अंधारात काय होतं.

आधी दुसरं टोक. अठरा आणि बावीस यांत चारच मिलिमीटर, पण अठरावर ६४ अंश आणि बावीसवर ५४. क्रॉप कॅमेऱ्यावरचं बावीस म्हणजे फुल फ्रेमवरचं ३५. शेतात उभा माणूस, मागे त्याची पऱ्हाटी, बाजूला धुऱ्यावरचं बाभळीचं झाड, हे सगळं चेहरा न ताणता ३५मध्ये सुरेख बसतं. दहा-अठरा बरोबर तिथे संपते जिथे किट लेन्स सुरू होते. कागदावर ही जोडी फार छान दिसते, एकही मिलिमीटर वाया नाही. शेतात मात्र तिचा अर्थ असा की माणसाचा फोटो घ्यायचा म्हटलं की लेन्स काढा, दुसरी लावा.

आणि आपल्याकडे लेन्स काढायची कुठे? सोयाबीनचं थ्रेशर चालू असताना पन्नास फुटांपर्यंत हवा पिवळट होते. बारीक कुटार नाकातोंडात जातं, मग कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात जाणार नाही का? मी एकदा खळ्यावर, अंगावरच्या दुपट्ट्याखाली झाकून लेन्स बदलली होती. त्या दिवसापासून एफ ११वर काढलेल्या प्रत्येक फोटोत आभाळात तेच तीन काळे ठिपके यायचे, सेन्सर साफ करून आणेपर्यंत. दहा-बावीस दिवसभर कॅमेऱ्यावर राहू शकते. माझ्या कॅमेऱ्यावर ती आहे त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

आता अंधार. दहा-बावीस दहावर एफ ३.५ उघडते, दहा-अठरा ४.५. फरक साधारण दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे दीडपटीपेक्षा जरा जास्त उजेड. पण दहा-अठरामध्ये आयएस आहे, हाताची थरथर सावरणारं यंत्र, आणि कॅनन ते चार स्टॉपचं सांगतं. दहा-बावीसमध्ये ते नाहीच.

कवेलूच्या घरात, दुपारी, एकाच दारातून येणाऱ्या उजेडात म्हातारी आजी वाती वळत बसली आहे असं धरा. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदना, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० आणि एफ ४.५वर शटर १/१५ सेकंद येतो. तेवढ्यावर दहा मिलिमीटरला श्वास धरून हात कसाबसा स्थिर राहतो. दहा-बावीसने ३.५ उघडून तोच १/१५ ठेवला तर आयएसओ १०००वर येतो, थोडा दिलासा. दहा-अठराने मात्र आयएसच्या भरवशावर १/४ सेकंद धरता येतो आणि आयएसओ थेट ४००वर येतो. आजीने वाती वळणं थांबवून क्षणभर दाराकडे पाहिलं की बास. लुगड्याचा काठ, सारवलेल्या भिंतीवरचे बोटांचे वळसे, सगळं स्वच्छ. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात आतली शिल्पं टिपतानाही हेच. हलत नसलेल्या गोष्टीसमोर स्वस्तातली दहा-अठराच जिंकते, आणि चांगली ठळक जिंकते.

आता त्याच घरात हळद चालू आहे. पोरी नाचतायत, कुणी नवरदेवाच्या गालाला हळद फासून पळतंय. इथे आयएस काही कामाचं नाही, कारण ते तुमचा हात सावरतं, नाचणारीचा नाही. शटर निदान १/१२५ हवा. मघाच्याच उजेडात एफ ४.५ला आयएसओ १२८००च्या घरात जातो, ३.५ला ८०००च्या. दोन्हीत दाणे दिसणारच. दहा-बावीस घेतली म्हणून हळदीत फ्लॅश लागणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फ्लॅशशिवायच करायचं असेल तर या दोन्ही सोडून टोकिनाची ११-१६ एफ २.८ बघावी लागते, ती तेवढ्याच उजेडात ५०००च्या आसपास भागवते. पण तिची झूम नावालाच आहे.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी फार विचार नको, दहा-अठरा घ्या. एसटीएम मोटर फोकस हळुवार आणि जवळजवळ आवाज न करता सरकवते, आणि हातात धरून चालताना आयएसचा आधार होतो.

अंगकाठीत दहा-बावीस ३८५ ग्रॅमची, माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी कडी) धातूचा, फोकसचं अंतर दाखवणारी खिडकी आणि हाताने फिरवली की सरळ फिरणारी फोकस रिंग. दहा-अठरा फक्त २४० ग्रॅमची, माउंट प्लास्टिकचा, आणि रिंग विजेवर चालणारी, कॅमेरा बंद असेल तर फिरवून उपयोग नाही. प्लास्टिकच्या माउंटला पुष्कळ जण नाक मुरडतात, पण इतक्या हलक्या लेन्सला त्याने काही बिघडत नाही. फिल्टर दहा-अठराला ६७चा लागतो, दहा-बावीसला ७७चा. कॅननच्या १८-१३५ झूमसाठी घेतलेला ६७चा पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) घरात असेल तर तो दहा-अठरावर बसतो. फक्त दहावर तो लावून आभाळ काढू नका, अर्धं गडद आणि अर्धं फिकं येतं.

दोघींचं एक दुखणं सारखंच आहे आणि ते घेण्याआधी माहीत असावं. दहावर फ्रेमच्या कडेला जे येतं ते बाहेर ताणलं जातं. पोळ्याला तोरणाखाली बैलांची रांग, झडत्या म्हणणारी माणसं, मागे देऊळ, हे सगळं घ्यायला दहा हवेच. पण रांगेतला कडेचा माणूस आडवा फुगतो आणि त्याचं घर तो फोटो कधीच फ्रेम करून लावत नाही. माणसं मधल्या भागात ठेवा, कडेला तोरणाचे खांब येऊ द्या. लग्नातला मोठा ग्रुप दहावर काढूच नका, चार पावलं मागे जा आणि अठरावर काढा. आणि बैलाच्या अगदी एक हातावर जाऊन दहावर फोटो काढला तर बेगड लावलेली शिंगं फ्रेमभर होतात आणि मालक मागे बोटाएवढा दिसतो. मालकाला विचारून काढा, कुणाला ते फार आवडतं, कुणाला अजिबात नाही.

नावाचा अजून एक घोळ. आरएफ-एस १०-१८ नावाचीही लेन्स आता मिळते, ती १५० ग्रॅमची, मिररलेससाठीची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठीची. आरशाच्या जुन्या डीएसएलआरवर ती बसतच नाही. उलट ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चालते.

चुलतभावाला मी दहा-अठरा घ्यायला सांगितलं. त्याचं काम घरात आणि मांडवात, त्यात निम्मं व्हिडिओचं, आणि तिथे लेन्स बदलायला धूळ आड येत नाही. जुनी लेन्स मिळत होती, म्हणून मीही सोबत गेलो. दोन्ही झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार पाहिलं, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का म्हणून. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. शटर अर्धं दाबून कान लावला, आयएसचा बारीक आवाज आला. मग बाहेर विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून, दहावर, एफ ८ला एक फोटो काढला आणि चारही कोपरे मोठे करून पाहिले. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात विटांच्या सांध्या पुसट होत्या, बाकी तिन्हीकडे रेघ न् रेघ दिसत होती. लेन्स कधीतरी पडलेली असणार. ती परत दिली, आणि पंधरा दिवसांनी दुसरीकडची, चारही कोपरे सारखे असलेली, घेतली.