उजेड रोपाची उंची रोखतो

‘झाड उजेडात वाढतं, अंधारात खुंटतं’ हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी तपासून पाहत नाही. चवळीचे काही दाणे एका कुंडीत रुजवून ती कपाटात बंद करा, काही दुसऱ्या कुंडीत उजेडात ठेवा. आठवडाभराने कपाटातलं रोपच जास्त उंच दिसेल. मात्र ते पांढरट, लुकडं असेल, शेंडा आकडीसारखा वाकलेला. बियाण्यातली शिदोरी संपायच्या आत उजेड गाठायचा, म्हणून सगळी ताकद खोडाच्या लांबीवर खर्च झालेली असते.

हे ठरवतात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. ही प्रथिनं डीएनएवर जनुकाच्या आसपास बसतात आणि ते जनुक चालू करायचं की बंद, हे त्यांच्यावर ठरतं. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात सुमारे २७ हजार जनुकं आहेत, त्यांतली दीड हजारांहून अधिक अशी प्रथिनं बनवण्यासाठीच.

त्यांतल्या ‘पिफ’ प्रथिनांनी मला वेड लावलंय. डीएनएवर सी-ए-सी-जी-टी-जी अशी सहा अक्षरं, म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांची आद्याक्षरं, दिसली की ती तिथे बसतात. डीएनएच्या जोडीतला समोरचा धागा उलट दिशेने वाचला तरी हीच सहा अक्षरं येतात! म्हणून पिफची जोडी बसते, एकेकाने अर्धा अर्धा भाग धरून. मग खोड लांबवणारी जनुकं चालू होतात. उजेड पडला की ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश फायटोक्रोम या प्रथिनाचा आकार बदलतो. ते पेशीच्या केंद्रकात शिरून पिफला गाठतं. पिफवर फॉस्फेट चढतं, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘मोडीत काढा’ अशी खूण लागते आणि काही मिनिटांत पेशी त्याचे तुकडे करते. खोडाची लांबण थांबते, पानं उघडतात, हिरवी होतात.

दाट झाडीखाली तांबडा प्रकाश वरची पानंच शोषून घेतात. खाली पोचतो तो बहुतांशी ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, तांबड्याच्या पलीकडचा. तो फायटोक्रोमला परत निष्क्रिय करतो, पिफ टिकतात आणि रोप शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला धावतं. मंत्र किंवा संगीत ऐकवून रोप उंच केल्याचा दावा कुणी केला, तर आधी विचारावं की कुंडीला ऊन किती मिळत होतं.

हाच फायटोक्रोम उष्णताही ओळखतो, हे २०१६मध्ये उघड झालं. ऊब वाढली की तो प्रकाशाशिवायही लवकर निष्क्रिय होतो. पिफ पुन्हा मोकळे, आणि उबेत ॲराबिडॉप्सिसचं खोड, पानांचे देठ लांबतात, पानं जमिनीपासून वर उचलली जातात, त्यांच्याखालून वारा खेळतो.