पडल्यावर लगेच परत घोड्यावर चढवायचं का?

रायडिंग क्लबात जंप, म्हणजे आडव्या पोलचा अडथळा, घोड्यावरून ओलांडताना कुणी पडलं की कठड्याबाहेरचे सगळे एकच सल्ला देतात, चल ऊठ, माती झटक आणि लगेच परत चढ, नाहीतर भीती कायमची बसेल. इन्स्ट्रक्टर, घोड्याची देखभाल करणारा सईस, पालक, सगळ्यांच्या तोंडी हेच. सल्ला प्रेमापोटी असतो हे मान्य, पण तो अर्धाच बरोबर आहे.

आधी एक सांगतो. डोकं आपटलं असेल, चक्कर येत असेल, उलटीसारखं होत असेल किंवा मूल तोच तोच प्रश्न परत विचारत असेल तर त्या दिवशी घोडा बंद, सरळ डॉक्टरकडे. आंतरराष्ट्रीय शो जंपिंगमध्येही रायडर पडला की तो त्या फेरीतून बाद होतो, उठून पुढचे जंप घ्यायला मिळत नाहीत.

आता भीतीकडे येऊ. पावलॉवचा कुत्रा आपण शाळेत वाचलेला असतो, घंटा, खाणं, लाळ. पडण्यातही तसंच होतं, फक्त तिथं एकदाच पुरतं. कँटरचा (घोड्याच्या संथ दौडीचा) ठेका, समोर येणारे रंगीत पोल, घोड्यानं ऐन वेळी रोवलेले पाय आणि लगेच जमीन, हे सगळं मेंदूत खोल असलेल्या, भीती हाताळणाऱ्या अमिग्डला या भागात एकत्र जोडलं जातं. पुढच्या वेळी नुसते पोल दिसले तरी छाती धडधडते. त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, मेंदू त्याचं काम चोख करतोय.

लोकांचा मोठा गैरसमज असा की भीती गेली म्हणजे ती पुसली गेली. पावलॉवलाच दिसलं होतं की घंटा वाजवून खाणं द्यायचं थांबवलं की लाळ बंद होते, पण मधे काही वेळ जाऊ दिला आणि घंटा वाजवली की लाळ परत येते. म्हणजे जुनं शिकलेलं आत तसंच होतं, त्याच्या जोडीला एक नवीन आठवण तयार झाली होती, की घंटा वाजली तरी आता काही मिळत नाही. आपल्या बाबतीत, पोल आले तरी काही होत नाही.

ही नवीन आठवण कुठं राहते? माझ्या मते सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हा आहे. 2002 मध्ये पोर्टो रिकोत मिलाद आणि क्विर्क या संशोधकांनी उंदरांना आधी एका आवाजाची भीती बसवली (आवाज आला की पायाला हलका शॉक), मग शॉक न देता तोच आवाज ऐकवून ती उतरवली. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागातल्या एका पट्ट्यातल्या पेशी भीती बसताना आवाजाला दाद देत नव्हत्या, भीती उतरतानाही नाही, त्या पेटल्या दुसऱ्या दिवशी, उंदीर 'आता धोका नाही' हे आठवत असताना. आणि जितक्या जास्त पेटल्या तितका उंदीर भीतीनं कमी गोठला. या पट्ट्यातून अमिग्डलातल्या इंटरकॅलेटेड नावाच्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांकडे निरोप जातो, त्या गाबा हे रसायन सोडतात आणि अमिग्डलाचा जो भाग शरीराला 'गोठ, पळ' सांगतो त्याला दाबून धरतात. भीतीचा आवाज आतून चालूच असतो, त्याला वरून दाबणारं कुणीतरी तयार होतं, आणि ते मुद्दाम शिकवून तयार करावं लागतं.

पण ही दाबणारी आठवण जागेला चिकटलेली असते. मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांनी उंदरांवर हे बारकाईनं दाखवलंय, एका पेटीत भीती बसवली, दुसऱ्या पेटीत उतरवली आणि परत पहिल्या पेटीत आणलं की भीती हजर. म्हणून रोजच्या मैदानावर 80 सेंटिमीटर उंचीचे जंप सहज मारणारी मुलगी स्पर्धेच्या मैदानावर, लाऊडस्पीकर आणि जंपच्या नव्या रंगीत फळ्या दिसल्या की लगाम आवळून बसते, आणि घरचे म्हणतात, हिची सगळी प्रगती गेली. काही गेलेलं नसतं. मेंदूनं 'इथंही सुरक्षित आहे' हे अजून शिकलेलं नाही एवढंच.

मग लगेच चढवण्याचं काय? 2006 मध्ये मॅरन आणि चँग या संशोधकांनी उंदरांत भीती बसल्यावर 15 मिनिटांनी ती उतरवायला घेतली तर काय होतं ते 24 तासांनी घेतलेल्या प्रयत्नाशी ताडून पाहिलं. लगेच केलेली उतरवणी नीट टिकली नाही, भीती परत आली, दुसऱ्या दिवशी केलेली टिकली. अंगात भीती उसळत असताना नवीन आठवण पक्की होत नाही असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला उलटं, लगेच केलेलं जास्त टिकतं असं दिसलं, त्यामुळं उंदरांवरून छातीठोक नियम काढता येत नाही. पण थरथरणाऱ्या मुलाला पाच मिनिटांत परत त्याच जंपवर ढकलण्याला विज्ञानाचा आधार आहे असं मुळीच नाही. श्वास शांत झाला, तर घोड्यावर बसून वॉकवर (चालत) एक फेरी मारू दे, हवी तर ट्रॉटवर (दुडक्या चालीनं). जंप उद्या.

घोड्याचाही विचार करायला हवा. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश प्रयोगात रायडरना एका फेरीआधी सांगितलं की वाटेत छत्री उघडली जाणार. छत्री उघडलीच नाही, पण माणसाच्या आणि घोड्याच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. जंपवर तर हे डोळ्यांना दिसतं, रायडर खाली पोलकडे बघतो, टाच वर येते, रिकिबीतला जोर जातो, हात मागं ओढले जातात आणि घोड्याला त्याचा अर्थ 'थांब' असाच लागतो, तो रिफ्यूज करतो, म्हणजे जंप घ्यायचं नाकारतो. मग लोक त्याला हट्टी म्हणतात.

अशा वेळी दाराला काळ्या घोड्याची नाल ठोकणं, नजर काढणं किंवा 'दोन तासांत भीती गायब' म्हणणाऱ्या कार्यशाळेत हजारो रुपये घालणं यातून ती दाबणारी आठवण तयार होत नाही. तयार होते ती जमिनीवरच्या पोलवरून, मग क्रॉस-पोलवरून (फुलीसारखे लावलेले दोन बुटके पोल), आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलून, दुसरा घोडा, दुसरं मैदान, दुसरा रंग. जंपआधी मुलाला विचारा, काय होईल असं वाटतंय? 'घोडा थांबेल, मी पडेन' म्हणाला तर तेच त्याला मोठ्यानं बोलू द्या, मग जंप घेऊ द्या आणि पलीकडं गेल्यावर विचारा, काय झालं. अंदाज जितका चुकतो तितकं शिकणं पक्कं होतं. आणि महिन्यांनंतरही स्वप्नात पडणं, झोप न येणं, तबेल्याचं नाव काढलं तरी घाम फुटणं चालूच असेल तर ते इन्स्ट्रक्टरचं काम राहिलेलं नाही, त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात, त्यांच्याकडे जावं.