सुई हलली म्हणजे स्पिंडल गेला का?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा, स्पिंडल (कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, किंवा टूल धरून फिरवणारा मशीनचा शाफ्ट) चेक करायची पद्धत साधारण एकच दिसेल. टेपरमध्ये (स्पिंडलच्या तोंडाच्या निमुळत्या भोकात) टेस्ट मँड्रेल, म्हणजे तपासणीचा अचूक गोल दांडा, बसवायचा, मॅग्नेटिक स्टँडवर डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं उपकरण) लावायचा, हाताने हळूहळू फिरवायचं आणि सुई किती हलते ते बघायचं. पाच मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलली तर सगळे खूश, वीस हलली की शेठ म्हणणार बेअरिंग गेलं, बदला.

पण ती सुई एकट्या स्पिंडलबद्दल बोलतच नसते! मँड्रेल स्वतः किती गोल आहे, तो सेंटरला बसलाय की जरा बाजूला (टेपरमध्ये एक बारीक चिप अडकली तरी पुरे), आणि फिरताना अक्ष स्वतः जागचा किती हलतो, या तिन्हींची खिचडी तिच्यात असते. या खिचडीला रनआउट म्हणतात, स्पिंडलची खरी अचूकता म्हणजे फक्त तिसरी गोष्ट.

लेथवर तर गंमतच आहे. फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) जॉब दोन मिलिमीटर बाजूला धरा, डायल नुसता नाचेल, पण पूर्ण गोलाईवर एक कट मारला की सुई गप्प, कारण टूल एका जागी उभं असतं आणि जॉब ज्या अक्षाभोवती फिरतोय त्याच्याचभोवती गोल कापला जातो. आता उलटं बघा. अक्ष दर फेऱ्यात दोनदा टूलकडे सरकून परत मागे जात असेल तर जॉब ओव्हल होतो, आणि टूलच्या जागी डायल लावलात तर तो काहीच दाखवत नाही, कारण कापताना जी चूक झाली तीच मोजतानाही जशीच्या तशी होते. जॉब काढून राउंडनेस मशीनवर नेला की मगच भांडं फुटतं. मिलिंगला टूलच फिरतं, तिथे मात्र रनआउट थेट नडतो, चारपैकी एका दाताला जास्त माल कापावा लागतो आणि तोच आधी झिजतो.

मग मँड्रेलची चूक आणि स्पिंडलची चूक वेगळी करायची कशी? 1972 मध्ये डोनाल्डसन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने फार सोपी युक्ती मांडली. एकदा सगळा फेरा मोजा, मग मास्टर बॉल (मँड्रेलच्या जागी लावलेला मापाचा गोळा) स्पिंडलमध्ये 180 अंश फिरवून बसवा, डायलही समोरच्या बाजूला न्या, आणि पुन्हा मोजा. बॉलची चूक तशीच राहते, स्पिंडलच्या चुकीचं चिन्ह बदलतं. दोन्ही रीडिंगची बेरीज करून निम्मी केली की बॉल, वजाबाकी निम्मी केली की स्पिंडल. बॉल परफेक्ट असायची गरजच नाही, मला तर हे आजही भन्नाट वाटतं.

प्रत्येक फेऱ्यात तशीच्या तशी येत नाही अशीही चूक असते. शाफ्ट एक फेरा मारतो तेवढ्यात बेअरिंगमधल्या गोळ्यांचा पिंजरा साधारण 0.4 फेराच मारतो, त्यामुळे गोळ्यांमधला फरक दर फेऱ्याला वेगळ्या जागी उमटतो आणि फिनिश बिघडतं. म्हणून तर P4 या जास्त अचूक बेअरिंगच्या ग्रेडला पैसे मोजायचे, 50 ते 80 मिलिमीटर बोअरला (आतल्या भोकाच्या व्यासाला) साध्या बेअरिंगच्या आतल्या रिंगला 20 मायक्रॉन रनआउट चालतो, P4 ला फक्त 4.

आणि उष्णता! हाताने फिरवून ती कधीच कळणार नाही. 300 मिलिमीटरचा स्टीलचा स्पिंडल 10 अंशांनी तापला की लांबीत साधारण 35 मायक्रॉन वाढतो. मापांचं स्टँडर्ड तापमान 20 अंश, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय असतं ते सांगायला नको. सकाळी मशीन वॉर्मअप न करता पहिला जॉब लावणारे लोक मला कळतच नाहीत.

बेअरिंगची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं तरी करा. जास्तीत जास्त रीडिंग येतं तिथे स्पिंडलवर आणि मँड्रेलवर मार्करने खूण करा, मग मँड्रेल 180 अंश फिरवून बसवा. उंच जागा मँड्रेलबरोबर फिरली तर दोष मँड्रेलचा. स्पिंडलच्याच खुणेवर राहिली तर टेपर बघा, आधी पुसून, नाहीच जमलं तर जागच्या जागी ग्राइंड करून.