‘चढ लागला की...’: जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी आणि रेडिओ

चाळिशी ओलांडलेली, फायबरग्लास बॉडीची एक स्पोर्ट्स कार माझ्याकडे तपासायला आली. मालकाने तक्रारी कागदावर लिहूनच आणल्या होत्या. चढ लागला की समोरच्या जाळीतली थंड हवा बंद होते आणि सगळी हवा काचेवर जाते. ब्लोअर मंद फिरतो. ब्लोअर लावला की रेडिओत घरघर येते. मीडियम वेव्हवर तर नुसती खरखर. त्यांनी एसीत गॅस नुकताच भरून घेतला होता आणि नवा रेडिओ डिकीत आणून ठेवला होता. मला मात्र कागदावरचे पहिले तीन शब्द सगळ्यात मोलाचे वाटले: ‘चढ लागला की’. बिघाड केव्हा होतो हे नेमके कळले की तो कुठे आहे हे शोधायला फार वेळ लागत नाही.

त्या काळातल्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डमागची हवेची दारे व्हॅक्यूमवर फिरतात. पेट्रोल इंजिन हवा ओढत असते आणि थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे झडपेपलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी होतो. चांगले इंजिन आयडलिंगला असताना तिथे १८ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम मिळतो. तो बारीक नळ्यांतून रबरी पडद्याच्या डबीपर्यंत जातो, पडदा ओढला जातो आणि त्याला जोडलेले दार फिरते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप सताड उघडते आणि व्हॅक्यूम शून्याजवळ येतो. तेवढा वेळ भागावा म्हणून साठवणीचा एक डबा आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह दिलेला असतो. नळी वाळून चिरली किंवा हा व्हॉल्व्ह गळू लागला की साठा टिकत नाही. मग स्प्रिंग दार ढकलते आणि हवा काचेकडे वळते.

काचेकडेच का, हे मला नेहमी सांगावेसे वाटते. उकाडा सोसता येतो, पण धुके धरलेल्या काचेतून गाडी चालवता येत नाही. म्हणून बहुतेक जुन्या रचनांत व्हॅक्यूम गेला की हवा काचेवर जाईल अशीच स्प्रिंग बसवलेली असते. सगळे बिघडले तरी रस्ता दिसत राहावा, इतका पुढचा विचार कुणीतरी त्या एका स्प्रिंगमध्ये करून ठेवला आहे.

१९६८ ते १९८२ या काळातल्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये तर हेडलाइटची उघडझापही व्हॅक्यूमवरच होत असे. अशा गाडीचा एक दिवा अर्धवट मिटलेला असेल आणि एसीची हवाही भरकटत असेल, तर दोन्हींच्या मुळाशी एकच गळकी नळी असू शकते. शोधायला गेज असलेला हातपंप पुरतो. एकेक नळी सुटी करायची, पंपाने व्हॅक्यूम धरायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचे. आमच्या गाडीत काटा चेक व्हॉल्व्हपाशी उतरला. व्हॉल्व्ह बदलला आणि कागदावरची पहिली ओळ खोडली.

आता ब्लोअर आणि रेडिओ. दोन वेगवेगळी उपकरणे एकाच वेळी आजारी पडली तर दोघांमध्ये सामाईक काय आहे ते पाहावे. फ्यूज असेल, इग्निशन स्विच असेल, पण जुन्या गाडीत माझा पहिला संशय अर्थिंगवर असतो. विजेला जायची वाट लागते तशी परतायचीही लागते. पत्र्याच्या गाडीत ती वाट म्हणजे अख्खी बॉडी. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, मोटरला, रेडिओला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागते, आणि अशा अनेक तारा एकाच बोल्टखाली आवळलेल्या असतात. त्या बोल्टवर गंज चढला की सगळ्यांचीच परतीची वाट अडते.

पुष्कळ जण इथे मल्टिमीटर ओहमवर लावतात, काटा शून्याजवळ दिसतो आणि ‘अर्थिंग ठीक आहे’ म्हणून पुढे जातात. मीटर तपासताना अगदी क्षीण प्रवाह सोडतो. दहा धाग्यांच्या तारेतला एकच धागा शाबूत असला तरी तेवढा प्रवाह सुखाने जातो. ब्लोअरला मात्र पंधरा-एक अँपिअर लागतात. म्हणून तपासणी काम चालू असतानाच करावी. ब्लोअर पूर्ण वेगाने लावायचा, मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे ब्लोअरच्या अर्थिंगच्या तारेला. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवे. आमच्या गाडीत १.३ दिसले.

हा आकडा लहान वाटतो, पण १५ अँपिअरने गुणा. जवळजवळ २० वॅट उष्णता त्या एका गंजक्या बोल्टवर तयार होत होती, लहान सोल्डरिंग आयर्नमध्ये होते तितकी. तेवढे व्होल्ट मोटरला कमी मिळत होते, म्हणून ती मंद होती. रेडिओची अर्थिंगही त्याच बोल्टवर, त्यामुळे रेडिओ ज्याला शून्य समजत होता तो शून्यच मोटरच्या ब्रशबरोबर (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांबरोबर) थरथरत होता. ती थरथर म्हणजे घरघर. बॅटरीची तार काढून बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, पुन्हा आवळला. मीटरवर ०.०५. ब्लोअरचा आवाज ऐकूनच फरक कळला.

यानंतरच्या गाड्यांत तापमान राखायचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले (कॅडिलॅकने आपोआप तापमान राखणारी यंत्रणा १९६४ मध्येच दिली होती), आणि तिथे हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो. आतले तापमान मोजणारा थर्मिस्टर गार झाला की त्याचा रोध वाढतो. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो. मग कंट्रोल युनिटला वाटते की आत कडाक्याची थंडी आहे, आणि ते भर उन्हात गरम हवा सोडते. बऱ्याच गाड्यांत या थर्मिस्टरवरून हवा ओढणारा एक छोटा पंखा असतो. त्यात कापसासारखा धुरळा अडकला की थर्मिस्टरला केबिनची हवा मिळत नाही, तो तापलेल्या डॅशबोर्डचेच तापमान सांगत राहतो आणि एसी थांबायचे नाव घेत नाही. एक ब्रश आणि दहा मिनिटे पुरतात.

डिस्प्ले सकाळी अंधारा आणि गाडी तापली की उजळणारा असेल तर ड्राय सोल्डर शोधावा. सर्किट बोर्ड, तांब्याची पिन आणि सोल्डर हे तिन्ही तापल्यावर सारखे फुगत नाहीत. वर्षानुवर्षे तापणे-निवणे होत राहिले की पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाखाली ती करड्या कड्यासारखी दिसते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बोर्डावर हलकेच टकटक केली आणि डिस्प्ले लुकलुकला तर जागा सापडलीच.

ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालत असेल तर खालच्या वेगांसाठी प्रवाह कमी करणारा रेझिस्टर जळला आहे, कारण त्या वेगाला प्रवाह रेझिस्टरला वळसा घालून जातो. मोटर जड फिरत असेल तर नवा रेझिस्टरही जळेल. गॅसचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. तो पुरेसा नसेल तर लो-प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. हवा गार आहे पण भलतीकडे जाते, या तक्रारीशी गॅसचा संबंध नाही.

उरली मीडियम वेव्हची खरखर. एरियलची तार काढून पाहिली, खरखर थांबली. म्हणजे ती विजेच्या तारेतून येत नव्हती, हवेतून येत होती. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या त्या ठिणगीनेच, आणि पेट्रोल इंजिनमध्ये दर मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र असते. पत्र्याचे बॉनेट त्या लहरी बऱ्याच अंशी अडवते, फायबरग्लास त्या सरळ जाऊ देते. एफएम लहरीच्या उंचीकडे लक्ष देत नाही म्हणून बरेचसे वाचते. मीडियम वेव्हवर एएम प्रक्षेपण असते आणि एएममध्ये सगळी माहिती उंचीतच असते, त्यामुळे ठिणगी थेट कानावर येते. याच कारणाने रेडिओ बसवलेल्या जुन्या कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग) आणि प्लगच्या तारांवर धातूची आवरणे येत.

आमच्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरभोवती चार बोल्टांची भोके रिकामी होती. मालकाला विचारले. इंजिन मोकळे दिसावे म्हणून पूर्वी कुणीतरी काढलेले क्रोमचे पत्रे डिकीत, नव्या रेडिओच्या खोक्याखालीच, फडक्यात गुंडाळलेले होते. ते पुसले, बसवले, त्यांची अर्थिंगची पट्टी घट्ट केली. इंजिन चालू केले, ब्लोअर पूर्ण वेगाने लावला आणि जुन्याच रेडिओचा काटा मीडियम वेव्हवर हळूहळू फिरवत नेला. एका जागी बातम्या लागल्या, शब्द न् शब्द कळेल इतक्या स्पष्ट. नवा रेडिओ खोक्यातच परत गेला.