पडद्यावरचा ठिपका का पडताळायचा? सागरी दिशाशोधनाची पार्श्वभूमी

बोट चालवायला शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच बजावले जाते की जीपीएसच्या पडद्यावरचा ठिपका दुसऱ्या मार्गाने पडताळल्याशिवाय खरा धरायचा नाही. नवख्याला हे जुन्या लोकांचे खूळ वाटते. इतके अचूक यंत्र समोर असताना होकायंत्राने दीपगृहाची दिशा कशाला घ्यायची, नकाशावर पेन्सिलीने फुली कशाला मारायची? पण हा आग्रह उगाच आलेला नाही. त्यामागे हजारो खलाशांचे गेलेले जीव आहेत.

शिडांच्या जहाजांच्या काळात किनारा नजरेआड झाला की सगळी भिस्त दिशा, वेग आणि वेळ यांवर असे. वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत. पुढे रूढ झालेल्या मापानुसार दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ असे; २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकतील तितका वेग. म्हणून जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. या हिशेबाला डेड रेकनिंग म्हणतात. त्यातली खोट अशी, की प्रवाहाने जहाज नकळत बाजूला नेले तर ते या आकडेमोडीत कुठेच येत नाही आणि चूक दिवसागणिक वाढत जाते.

त्या काळातले मला सर्वांत आवडणारे साधन म्हणजे खोली मोजायचे शिशाचे वजन. त्याच्या बुडाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वजन तळाला टेकले की चरबीला वाळू, शिंपल्यांचे तुकडे किंवा चिखल चिकटून वर येई. दोरीवरच्या खुणा कातड्याच्या आणि वेगवेगळ्या कापडाच्या असत, म्हणजे काळोखातही बोटांनी चाचपून खोली कळे. वर आलेली वाळू भरड की बारीक, यावरून अनुभवी खलाशी किनारा कोणत्या बाजूला आहे हे ताडत. हिशेब चुकलेला असेल तर समुद्राचा तळच तसे सांगे.

तरीही १७०७ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेल यांचा जिब्राल्टरहून परतणारा ब्रिटिश ताफा रात्री इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर गेला. अनेक दिवस हवा खराब होती आणि आपण इंग्लिश खाडीच्या तोंडाशी मोकळ्या पाण्यात आहोत अशी समजूत होती. चार युद्धनौका बुडाल्या आणि किमान चौदाशे माणसे गेली. अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येत असे, रेखांशाला मात्र खात्रीचा उपाय नव्हता. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले.

उत्तर घड्याळात होते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून मूळ ठिकाणची वेळ जहाजावर बरोबर राखता आली तर ती आणि सूर्यावरून कळणारी स्थानिक वेळ यांच्या फरकातून रेखांश निघतो. विषुववृत्तावर घड्याळाच्या चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैल. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांचे चौथे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर निघाले आणि डोलत्या जहाजावरही कसोटीला उतरले. पुढे लोखंडी जहाजे आली आणि त्यांच्या लोखंडानेच होकायंत्राची सुई भरकटवली. तेव्हा प्रत्येक जहाजासाठी सुधारणेचा वेगळा तक्ता करावा लागला.

विसाव्या शतकात रडार आले. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॅन्टकेट बेटाजवळच्या धुक्यात ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या जहाजांनी एकमेकांना रडारवर पाहिले होते. दोघांनी त्या खुणांचा वेगवेगळा अर्थ लावला. एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे, आणि टक्कर होऊन ५१ माणसे गेली. आंतरराष्ट्रीय नियमांत पुढे स्पष्ट लिहिले गेले की अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारवरच्या अपुऱ्या माहितीवरून, काहीही गृहीत धरू नये.

याच परिसरातली १९९५ ची घटना मला सर्वांत बोलकी वाटते. जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झाल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले होते. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघाले आणि काही वेळातच जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्र मुकाट्याने डेड रेकनिंगवर गेले. पडद्याच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरे तेवढी उमटली. सुमारे ३४ तास स्वयंचलित सुकाणू चुकीच्या ठिकाणावर विसंबून जहाज नेत राहिले आणि शेवटी ते ठरल्या मार्गापासून सुमारे १७ मैलांवर उथळ पाण्यात रुतले. दुसरे दिशादर्शक यंत्र चालू होते, पण त्याच्याशी कोणी नीट ताळा घेतला नाही. ज्या बोयाची (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेची) वाट पाहत होते तो दिसला नसतानाही दिसल्याची खबर कप्तानाला गेली. सुदैवाने दीड हजार माणसांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

अमेरिकी नौदल अकादमीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांवरून ठिकाण काढण्याचे सविस्तर शिक्षण थांबवले होते. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम तर लहान होडीपासून मोठ्या टँकरपर्यंत सगळ्यांना सारखाच लागू आहे: डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या प्रत्येक साधनाने सतत नजर ठेवायची. त्यात डोळे आणि कान आधी येतात.